सहा बाजूंचा डबा

१

नेमीचंद शेठना भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, आणि भिंतीवर एकही मुंगी नव्हती.

"काढा त्यांना. अंगावर येताहेत," असं म्हणत ते नखांनी भिंतीचा रंग खरवडत होते. तो आवाज बेबाबाईला स्वयंपाकघराच्या दारात ऐकू येत होता. बहात्तर वर्षांचा माणूस, जन्म डाळीच्या व्यापारात गेला, पण हमालावरसुद्धा कधी आवाज चढवलेला नाही. आता त्यांचा घसा कोरडा ठणठणीत पडला होता, शब्द अडकत होते आणि केव्हाच्या मेलेल्या भावाला ते हाका मारत होते. सून विधी रडवेल्या आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होती की बाबूजी, मुंग्या नाहीत हो.

अर्ध्या तासापूर्वी सगळं ठीक होतं. घर जैनांचं, धुळ्याच्या चौथ्या गल्लीतलं. सूर्य बुडाल्यावर तिथे कोणी घास तोंडात घालत नसे, म्हणून शुक्रवारची जेवणं नेहमीसारखी घाईघाईत उरकली होती. शेवटी शेठनी मेथीपूड घातलेलं ताक घेतलं. साखरेच्या आजारावर म्हणून ते रोज घेत. मग ओसरीवर जाऊन बसले आणि थोड्या वेळाने हे सुरू झालं.

रिक्षा आली. शेठाणी धनकुंवर, विधी आणि शेठचा पुतण्या अर्हम त्यांना धरून दवाखान्यात घेऊन गेले. विधी मोठी शहाणी. डॉक्टर विचारतील म्हणून तिने ताकाचा पेला तसाच पिशवीत घालून नेला. मुलगा अखिल वडिलांची फाइल शोधायला मागे राहिला. "तुम्ही घरी जा, बेबाबाई," तो म्हणाला, "काही लागलं तर बोलावतो." त्याच्या हातातल्या किल्ल्या वाजत होत्या. मिसरूड फुटल्यापासून त्याला ती सवय, किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत राहायचं.

रविवारी पहाटे शेठ गेले. ताकात धोतऱ्याच्या बियांची पूड होती, असं दवाखान्याने कळवलं. ताक बेबाबाईने घुसळलं होतं, मेथीपूड म्हणून जे पडलं ते तिच्याच चमच्याने पडलं होतं, आणि पेला तिनेच शेठच्या हातात दिला होता.

सव्वीस वर्षं ती ह्या घरात स्वयंपाक करत होती. लोक आपल्यावर संशय घेतील ही भीती होतीच, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिली भीती वेगळी होती. काचबिंदूने तिचे डोळे गेले त्याला दोन वर्षं झाली होती. उजेड आहे की अंधार, एवढंच कळत होतं. त्याआधी कोरोनाच्या तापात नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. ह्यातलं तिने जगात कोणालाही सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्या ताकात आपल्या हातून काय पडलं, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

२

सोमवारी दुपारी फौजदार कशिश पिंजारी घरी आली. पावलं हलकी, बोलण्याआधी जरा थांबायची सवय. अय्युब फरशीवाल्याची ही मुलगी. पुढे केलेली खुर्ची न घेता ती सरळ स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली आणि म्हणाली की ही फरशी माझ्या अब्बांनी बसवलेली आहे. मग तिने सगळ्यांना तिथेच बोलावलं. बेबाबाई ओट्याला पाठ टेकून उभी होती.

कशिशने आधी विचारलं ते डब्याबद्दल. ओट्याच्या टोकाला भिंतीला एक बाजू भिडवून मसाल्याचा डबा असे. शिसवी लाकडाचा, सहा बाजूंचा, सगळ्या बाजू सारख्या. धनकुंवरने तो पालीहून माहेरून आणलेला. आत मधल्या खणात तिखट आणि भोवती सहा खण. मोहरी आपल्या समोर, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जिरं, हळद, आमचूर, सुंठ आणि मेथीपूड. विधीने हे सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. डबा विधीच भरत असे, पण जागच्या जागी. तो हलवायचा नाही, हा बेबाबाईचा दंडक होता. घरातले सगळे त्यावरून तिची थट्टा करत आणि मुकाट्याने पाळतही.

आणि चाखून पाहायची सोय नव्हती. ह्या घरी साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला येत; त्यांच्या पात्रात पडायच्या आधी अन्न कोणी उष्टं करायचं नाही, ही धनकुंवरची शिस्त.

"शुक्रवारचा स्वयंपाक कसा झाला होता?" कशिशने विचारलं.

अर्हम चाचरत म्हणाला की खरं सांगायचं तर बिघडला होता. वरण कडू लागत होतं. विधीने भर घातली: वरण पांढरं फटक होतं, त्यात हळदच नव्हती, आणि भाजीवर मात्र कच्ची हळद भुरभुरलेली होती. बाईंना बरं नसेल म्हणून ती गप्प बसली. धनकुंवर म्हणाली की तिचं दूधही फाटलं. गुडघेदुखीसाठी ती संध्याकाळी सुंठ घातलेलं दूध घ्यायची. ओलं आलं ह्या घरात चालत नसे, सुंठ चालायची. त्या दिवशी दुधाच्या गाठी झाल्या, म्हणून पेला तसाच खिडकीत ठेवून ती उठली, तेवढ्यात शेठचा आरडाओरडा ऐकू आला.

ऐकता ऐकता बेबाबाई मनाशी चुका मोजत होती. एकच चूक असती तर निभली असती. एवढ्या चुका म्हणजे हात पुरताच सुटला.

"बाईंचं आता वय झालंय, म्याडम," अखिल हळू आवाजात म्हणाला. "मी त्यांच्या हातचं खाऊन मोठा झालो. मुद्दाम त्या काही करणार नाहीत. चूक होऊ शकते."

किती गोड बोलला. आणि चूक कोणाची, तेही ठरवून टाकलं.

कशिशने विचारलं की शुक्रवारनंतर डब्याला कोणी हात लावला का. विधी म्हणाली, शनिवारी सकाळी डबा फिरलेला दिसला. मेथीचा खण समोर आला होता, म्हणून बाईंना आवडतो तसा मोहरीचा समोर केला. बाकी काही नाही, दवाखान्याच्या धावपळीत आणि मग सुतकात चूलच पेटलेली नव्हती, जेवण नातलगांकडून येत होतं.

"आणि त्या दुधाच्या पेल्याचं काय झालं?"

हे मात्र बेबाबाईला ठाऊक होतं, कारण शनिवारी ती त्यावरून मनातल्या मनात कुरकुरली होती. सूर्य बुडाल्यावर ह्या घरात भांड्याला पाणी लागत नसे. अंधारात बारीक जीव पाण्यात मरतात म्हणून भांडी झाकून ठेवायची आणि सकाळी घासायची. शनिवारी सकाळी ती आली तेव्हा बाकी सगळी खरकटी जागेवर होती, आणि दुधाचा पेला तेवढा स्वच्छ धुऊन मोरीपाशी पालथा पडलेला तिच्या हाताला लागला होता. तिने ते सांगितलं. तिला वाटलं होतं विधीने धुतला. विधीला आत्तापर्यंत वाटत होतं की बाईंनी.

जाताना तिने धनकुंवरला सहज विचारावं तसं विचारलं की आज तुम्हाला कुठे जायचं होतं म्हणे. धनकुंवर म्हणाली, हो, कचेरीत. नरडाण्याची जमीन तिला वडिलांकडून मिळालेली, ती भाकड गुरं सांभाळणाऱ्या पांजरपोळीला द्यायची होती. आज सह्या व्हायच्या होत्या. आता कशाच्या सह्या आणि कशाचं काय.

दारात थांबून कशिशने बेबाबाईला बजावलं की धुळं सोडून कुठे जायचं नाही.

३

मंगळवारी भरदुपारी बेबाबाईच्या खोलीच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं.

उजेडात सावली पडली एवढं तिला कळलं. हाक नाही, कडी वाजवणं नाही. तिने कोण आहे म्हणून विचारलं, तरी उत्तर नाही. खोलीत ती एकटी. मुलगा-सून सुरतेला. ती चटईवर बसल्या जागी गोठून गेली आणि हात भुईवर फिरवत विळी कुठे आहे ते चाचपत राहिली.

मग किल्ल्या वाजल्या.

"मीच आहे, बेबाबाई," अखिल म्हणाला. एवढा वेळ तो काय बघत उभा होता कोण जाणे.

तो आत येऊन बसला. चौकशी केली. पोलीस फार वाईट असतात, म्हाताऱ्या माणसाला कोठडीत थंड फरशीवर झोपवतात, असं काळजीने सांगितलं. मग म्हणाला की एक मार्ग आहे. मेथी समजून चुकून भलतीच पूड पडली असं लिहून दिलं की तो खून होत नाही. तो वकील देईल, पुढे जन्मभर सांभाळेल. कागद तयार करून आणलाय. वाचून बघा, तुम्हाला सही येते ना?

बेबाबाई चौथीपर्यंत शिकलेली होती. वाचता येतं हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिने कागद घेतला, तोंडासमोर धरला, वाचायला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला आणि मान हलवली.

"कागद उलटा धरलाय तुम्ही," अखिल म्हणाला.

आवाजात राग नव्हता, आश्चर्यही फारसं नव्हतं. उलट त्याला काहीतरी सापडल्याचा आनंद झाला होता. तो उठला, कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मग तर चूकच झाली असणार. हो ना? मी कोणाला सांगणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सही करून ठेवा."

तो गेल्यावर ती तशीच बसून राहिली. सगळ्यात भयंकर हे होतं की तो म्हणत होता ते खरं असेल असं तिला वाटत होतं. सही केली तर माणूस मारल्याचा डाग लागेल, पण खोली राहील, पोट भरेल, आणि आंधळी म्हणून कोणी दारोदार हिणवणार नाही. नाही केली तर सगळंच उघडं पडेल, आणि तरीही शेठ तिच्याच हाताने मेलेले असतील. रात्रभर तिने तो कागद घडी करून उशाखाली ठेवला आणि सकाळी तो चोळीत खोचून, गटारीच्या कडेने पावलं मोजत पोलीस ठाण्याकडे निघाली. का निघाली ते तिला नीट सांगता आलं नसतं. शेठनी सव्वीस वर्षं तिच्या हातचं कधी नावं न ठेवता खाल्लं होतं. त्यांच्या मरणाबद्दल खोटं, किंवा अर्धवट खरं, लिहून देणं तिच्याच्याने होईना.

४

"माले दिखत नही, म्याडम," बेबाबाई म्हणाली. एवढं एक वाक्य बोलायला तिला दोन वर्षं लागली होती.

कशिशने दार लावून घेतलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग ती बेबाबाईच्याच अहिराणी बोलीत बोलायला लागली. "माले माहीत शे, माय. सोमवारे तू मनासंगे बोलनी, पन मी जठे बसेल व्हती तठे नही देखं तू. आते बठ्ठं सांग."

बेबाबाईने सगळं सांगितलं. डबा भिंतीला भिडलेला असतो, म्हणून हात कधी चुकत नाही. समोर मोहरी, मग एकेक. डबा ती कधीच उचलत नाही, कारण एकदा उचलला की कोणती बाजू कोणती हे तिला परत कळणार नाही. खूण करावी म्हटलं तर कोणीतरी विचारणार, खूण कशाला. अखिलचा कागदही तिने काढून दिला.

"शुक्रवारी काही वेगळं वाटलं होतं?"

होतं. पण ते सांगायची बेबाबाईला लाज वाटत होती. मोहरीच्या खणात चमचा घालून तेलात टाकला तर काही आवाजच आला नाही. तिला वाटलं तेल तापलं नसेल. मग जिरं टाकलं, आणि ते मात्र मोहरीसारखं तडतडलं. सूर्य बुडायला आला होता, थांबून विचार करायला वेळ नव्हता.

कशिशची खुर्ची करकरली. टेबलावरची एक जड वस्तू उचलून तिने बेबाबाईच्या हातात दिली. फरशीचा तुकडा होता, तळहाताएवढा, गुळगुळीत. अब्बांनी दिलेला, कागद उडू नयेत म्हणून ठेवते, असं ती म्हणाली आणि त्याच्या कडा मोजायला सांगितल्या. बेबाबाईने बोट फिरवलं. सहा. कशिशने फरशी तिच्या हातातून घेतली, जरा फिरवून परत दिली आणि विचारलं, फरक कळला का. नाही कळला. पुन्हा फिरवली. नाहीच कळला.

"एका पूर्ण फेऱ्यात ही सहा वेळा अगदी पहिल्यासारखी होते," कशिश म्हणाली. "अब्बा म्हणायचे, अशी फरशी खाचेत सहा तऱ्हांनी बसते आणि सहाही वेळा बरोबरच दिसते. तुझा डबाही तसाच, माय. कोणतीही बाजू भिंतीला लावा, बाहेरून तोच डबा. आतले खण मात्र सहातल्या एकाच वेळी आपल्या जागी असतात."

बेबाबाईचा हात फरशीवर थांबला.

"कोणीतरी डबा उचलून नेला आणि परत ठेवताना एक घर फिरवून ठेवला. विधीताईंना शनिवारी मेथी समोर दिसली. म्हणजे मोहरी जिऱ्याच्या जागी गेली, जिरं हळदीच्या, हळद आमचुराच्या. म्हणून वरण पांढरं आणि भाजी पिवळी. म्हणून तुझी फोडणी उशिरा तडतडली. तू तर एकदाही चुकली नाहीस. तुझा हात रोज जातो तिथेच गेला, खण सरकलेले होते."

बेबाबाई रडायला लागली. शेठ गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते आता थांबेना. कशिशने तिला रडू दिलं. पण मग तिने जे विचारलं त्याने बेबाबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"शेठाणींचं दूध का फाटलं, सांग बरं."

सुंठीच्या जागी आमचूर आला होता. आंबट. बेबाबाईने ते मनात एकदा फिरवून पाहिलं, आणि मग बोटं आपोआप पुढच्या खणावर गेली. आमचूर सुंठीच्या जागी, तर सुंठ कुठे गेली? मेथीच्या जागी.

ती ताकात सुंठच घालत होती. आणि सुंठ त्या घरात एकच माणूस घेत असे.

"इस शेठसाठे नव्हतंच," ती पुटपुटली. विष शेठसाठी नव्हतंच.

"नव्हतं," कशिश म्हणाली. "आणि ज्यांच्यासाठी होतं त्या अजून त्याच घरात आहेत."

५

गुरुवारी सूर्य मावळायला तासभर असताना सगळे पुन्हा स्वयंपाकघरात जमले. धनकुंवर पाटावर बसली होती. विधी तिच्या मागे, अर्हम दाराशी, अखिल खिडकीपाशी खुर्चीत. त्याच्या किल्ल्या वाजत होत्या, एका लयीत, जुडगा गोल फिरून तळहातावर आपटत होता. बेबाबाईला सकाळी कशिशने एवढंच सांगितलं होतं की मी म्हणेन ते कर आणि काही विचारू नको.

आधी बेबाबाईला सगळ्यांसमोर सांगावं लागलं की ती आंधळी आहे. विधीच्या तोंडून "अगं बाई" असं निघालं. मग कशिशने डब्याचं फिरणं समजावून सांगितलं, एकेका खणावर बोट ठेवून. शेवटी ती म्हणाली की विष मेथीत नव्हतं, सुंठीच्या खणात होतं, आणि ते शेठाणींसाठी होतं. बेबाबाईचं आंधळेपण आणि डब्याची ती साठ अंशांची गिरकी, ह्या दोन गोष्टी खुन्याला माहीत नव्हत्या. नाही तर आज शेठ ह्या खुर्चीत असते.

किल्ल्या क्षणभर थांबल्या आणि परत वाजू लागल्या.

"मी जमिनीचं बोलले म्हणून?" धनकुंवरने विचारलं.

"डबा त्या दिवशी होता तसाच आहे," कशिश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "विधीताईंनी सरळ केला तेवढाच. बाई, शेठाणींची दूध घ्यायची वेळ झाली. सुंठ घालून द्या."

बेबाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने दूध कोमट केलं. डब्याचं झाकण काढलं. समोर मोहरी, तिथून मोजत मोजत पाचवा खण. चमचा आत घातला तर टेकताच भरला. खण काठोकाठ होता. अमावास्येला विधीने भरल्यापासून रोज चमचा-चमचा निघत होता, मग तो भरलेला कसा? तिला वाटलं ओरडावं. पण कशिशने बजावलं होतं. तिने सुंठ दुधात घातली, ढवळली आणि पेला पुढे केला. धनकुंवरने तो तिच्या हातातून घेतला. शेठाणीची बोटं बर्फासारखी होती.

बेबाबाईला दिसत काहीच नव्हतं, म्हणून ती सगळ्या अंगाने ऐकत होती. धनकुंवरच्या बांगड्या किणकिणल्या, म्हणजे हात वर चालला. अगदी हळू चालला होता. इतकं हळू कोणी दूध पीत नाही.

"काकू, नको!" अर्हम दारातून धावला. त्याच्याआधी विधी झेपावली, पेल्याला फटका बसला, पेला फरशीवर घरंगळत गेला आणि कोमट दूध बेबाबाईच्या पावलांवर आलं.

आणि खिडकीकडे काही झालं नाही. खुर्ची करकरली नाही. किल्ल्या त्याच लयीत वाजत होत्या, गोल फिरून तळहातावर, गोल फिरून तळहातावर. त्या दोघांनी आकांत केला तेव्हा कुठे त्या एकदम थांबल्या. ह्या पोराला तिने आजारपणात मांडीवर घेऊन पेज पाजली होती.

"अखिलभाऊ," कशिश शांतपणे म्हणाली, "ह्या खणात विष आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. आई ते पिणार होती. तुम्ही उठला नाहीत."

"मला… मला काही सुचलंच नाही."

"दोनच कारणं असू शकतात. एक तर आई मेली तरी तुम्हाला चालणार होतं. किंवा ह्या खणात आता विष नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मी कोणाला सांगितल्याशिवाय ते दोघांनाच ठाऊक असणार. मला, कारण सोमवारी मी सगळ्या खणांतली चिमूट-चिमूट नेऊन तपासून घेतली. आणि ज्याने शुक्रवारी सगळे दवाखान्यात गेल्यावर विषाची सुंठ काढून नवी भरली, त्याला. त्या वेळी घरात तुम्ही एकटे होतात."

अखिल म्हणाला की हे सगळं तर्कट आहे. बाई आंधळी आहे, तिनेच घोटाळा केला, तिने तसं लिहूनही दिलं असतं.

"पेला कोणी धुतला?" कशिशने विचारलं. "शेठ ताक पिऊन पडले होते. ज्याला काही माहीत नाही त्याला ताकाचा संशय यावा. तुम्ही धुतलात तो दुधाचा पेला. विष दुधातच पडलं असणार हे माहीत असलेला माणूस घरात एकच होता. घाईत तुम्ही एवढंच विसरलात की तुमच्या घरात दिवेलागणीनंतर भांडं धूत नाहीत."

पुढे त्याने फार ताणलं नाही, सगळं सांगून टाकलं. नरडाण्याला कारखाना काढणाऱ्यांना ती जमीन मिळवून देण्याचा शब्द तो देऊन बसला होता, आणि सोमवारी ती गायी-म्हशींच्या नावावर होणार होती. गेल्या गुरुवारी दुपारी घरातल्या बायका प्रवचनाला गेल्यावर त्याने डबा आपल्या खोलीत नेला, सुंठीत पूड कालवली आणि परत आणून भिंतीला लावून ठेवला. बरोबर लावला, असं तो दोनदा म्हणाला. अगदी भिंतीला भिडवून, होता तसाच. त्या दिवशी शेठाणीचा उपास होता म्हणून दूध झालं नाही, आणि त्या संध्याकाळी व शुक्रवारी दुपारी घरात स्वयंपाक नव्हता, जेवण पंगतीचं होतं. डबा पुन्हा उघडला तो शुक्रवारी संध्याकाळी.

शिपाई त्याला घेऊन निघाले तेव्हा धनकुंवर बोलली.

"म्याडमनी मला सकाळीच सांगितलं होतं की दुधात काही नाही," ती म्हणाली. "तू थांबवशील म्हणून मी पेला हळू उचलला, अखिल. जमेल तितका हळू."

ओसरीवरून, दारातून, गल्लीतून त्याची पावलं ऐकू येत राहिली. किल्ल्या कशिशकडे होत्या.

बेबाबाई खाली बसून चाचपत चाचपत सांडलेलं दूध फडक्याने टिपू लागली. आता इथलं आपलं काम संपलं, हे ती धरूनच चालली होती. फडकं पिळून ती उठली आणि दाराची दिशा पकडून निघाली, तर धनकुंवरने तिचा दंड धरला आणि ओट्यापाशी नेलं. विधीकडे तिने विळी मागितली. मग लाकडावर काहीतरी करकरत राहिलं, बराच वेळ. माहेरचा तो डबा शेठाणी आपल्या हाताने कापत होती. विधी एकदा म्हणाली की मी करते, द्या, तर तिने ऐकलं नाही.

मग तिने बेबाबाईचं बोट धरून डब्याच्या एका कडेवर ठेवलं. खोल खाच होती, तिचे ढलपे अजून बोटाला टोचत होते.

"मोहरी इथे," धनकुंवर म्हणाली. "आता कोणी कसाही ठेवला तरी तुला कळेल."

बेबाबाईने खाचेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. बाहेर उजेड उतरत चालला होता, तेवढं तिला कळत होतं. घरात कोणी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं आणि सूर्य बुडायला फार वेळ उरला नव्हता. तिने चूल पेटवली, कढईत तेल घातलं, खाचेवर अंगठा ठेवून पहिल्या खणात चमचा घातला आणि तेलात टाकला.

मोहरी तडतडली. मागे भिंतीला टेकून धनकुंवर आता मोठ्याने रडत होती, आणि बेबाबाईने फडताळातून सवयीने पाच ताटं काढली होती, त्यातली दोन तिने आवाज न करता परत ठेवली.